हंबीरराव आडवे पडतात

"प्रिया, हंबीररावाचा फोटू बदलाय लागतोय," चपला काढायच्या आधीच आण्णा दारातून म्हणाले. प्रियदर्शनी नुकती ताटावर बसली होती आणि पहिला घास तिच्या हातात होता. पिंपळकट्टा तालमीचं कुस्त्यांचं मैदान दुसऱ्या दिवशी दुपारी भरायचं होतं. यंदा तालमीने पहिल्यांदाच मोठी स्क्रीन लावायची ठरवली होती. वरच्या बाजूला कायम अध्यक्ष हंबीररावांचा फोटो, कुस्ती लागली की दोन्ही पैलवानांचे फोटो स्क्रीनवर, निकाल लागला की निकाल स्क्रीनवर, आणि हे सगळं प्रियदर्शनीने केलेल्या वेबसाइटवरून. ती वेबसाइट तिने तासाभरापूर्वीच पुरी करून लॅपटॉप मिटला होता.

"फोटो चांगला हाय की आण्णा. त्यांनीच पाठवलाय."

"फोटू चांगलाच हाय. पण पोरांच्या फोटूला सोनेरी कड, मागं तांबडी माती, आणि ह्याचा फोटू म्हणं आधार कार्डावरच्यागत दिसतोय. मला म्हणला, 'मी काय पैलवान न्हाय व्हय?'"

या प्रश्नाला 'न्हाय' असं उत्तर देण्याची छाती कोल्हापुरात कुणाची नव्हती. हंबीरराव तालमीचे अध्यक्ष. उमेदीच्या काळात त्यांच्या पाठीला एकदाही माती लागली नव्हती, आणि ही गोष्ट ते बँकेत खातं उघडतानाही सांगायचे. रागही तसाच अजिंक्य. एका समारंभात मेव्हण्याने त्यांची खुर्ची दुसऱ्या रांगेत ठेवली, तेव्हापासून त्यांनी मेव्हण्याशी बोलणं टाकलं होतं. सणावाराला दोघे एकाच पंगतीला बसत आणि मीठ हवं असलं तर हंबीररावांच्या बायकोमार्फत, संयोगिताकाकींमार्फत मागून घेत.

आण्णा आणि हंबीरराव लंगोटीयार, पण आण्णा स्वतः कधी कुस्ती खेळले नाहीत. तालमीच्या किल्ल्या सांभाळायच्या, आखाड्याची माती चाळून घ्यायची, आणि रोज सकाळी कट्ट्यावर चहा पीत हंबीररावांशी भांडायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. हंबीरराव म्हणाले ऊन पडलंय, की आण्णा म्हणणार, कुठलं ऊन, ढग बघ की. वेबसाइटचं काम निघालं तेव्हा कमिटीतल्या काहींना पुण्याची कंपनी हवी होती. "माझी पोरगी करील," एवढंच आण्णा म्हणाले, आणि हंबीररावांनी टेबलावर हात आपटून विषय संपवला. त्यामुळे आता अध्यक्षांच्या हौसेला नाही म्हणणं बापलेकींना शक्य नव्हतं.

"करतो," प्रियदर्शनी म्हणाली. पुण्यात नोकरी होती तोवर ती 'करते' म्हणायची. कोल्हापुरात परत येऊन स्वतःचं काम सुरू केलं आणि इथल्या चारचौघी पोरींसारखं 'करतो' पुन्हा तोंडात बसलं. तिने डाव्या हाताने लॅपटॉप उघडला.

वेबसाइटचं रंगरूप ठरवणारे नियम ती सॅस नावाच्या भाषेत लिहायची. त्या भाषेत @ या खुणेने सुरू होणाऱ्या काही खास आज्ञा असतात. '@मिक्सिन' म्हणजे वाटण करून डब्यात भरून ठेवणं, आणि '@इनक्लूड' म्हणजे त्यातलं चमचाभर हव्या त्या कालवणात घालणं. शहाण्या माणसाने एवढ्यावर भागवावं. पण आणखी एक आज्ञा आहे, '@एक्स्टेंड'. तिचा अर्थ, ह्याला त्याच्या पंगतीला बसव. त्याच्या पानात जे जे पडेल ते ते ह्याच्याही पानात. यात फायदा असा की एका ओळीत काम होतं. तोटा असा की एकदा पंगतीला बसवल्यावर, मला तेवढं कारलं वाढू नका, असं म्हणायची सोय राहत नाही.

उजवा हात आमटीत असलेल्या माणसाला एका ओळीचंच काम आवडतं. तिने डाव्या हाताच्या एका बोटाने लिहून टाकलं की अध्यक्ष हे पैलवानांच्या पंगतीला. लगेच हंबीररावांच्या फोटोला सोनेरी कड आली, मागे तांबडी माती आली, आणि डोक्याला फेटा बांधून मिशीवर हात ठेवलेले हंबीरराव स्क्रीनभर शोभून दिसायला लागले. तिने तो नमुना त्यांना मोबाइलवर पाठवला. "आता कसं!" असं उत्तर आलं आणि आण्णा निवांत मनाने हात धुवायला गेले.

एक गोष्ट मात्र तिच्या ध्यानातून पार निसटली. पैलवानांच्या त्या पंगतीत आठवड्यापूर्वी तिनेच एक जादा पदार्थ वाढून ठेवला होता. निकाल जाहीर झाला, की जो पैलवान विजयी नाही त्याचा फोटो हळूहळू कलंडून पाठीवर आडवा पडायचा. कमिटीला ही गंमत इतकी आवडली होती की त्यांनी ती बसून चारचारदा बघितली होती. पण खऱ्या कुस्त्या अजून लागायच्या होत्या, निकाल एकही नव्हता, त्यामुळे त्या संध्याकाळी स्क्रीनवर सगळेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी मैदानाला ही गर्दी झाली. पेठ वडगाव, हुपरी, जयसिंगपूर, सगळीकडून माणसं आली होती. हलगी कडाडत होती. स्टेजच्या मधोमध लाल सोफ्यावर हंबीरराव पांढराशुभ्र पोशाख करून बसले होते आणि त्यांच्या मागे, डोक्याच्या वर, ती अवाढव्य स्क्रीन होती. प्रियदर्शनीचं टेबल स्टेजच्या खाली, निवेदक कृष्णातच्या शेजारी. कृष्णातचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी कुणाला कळायचं नाही. त्याला आण्णांनी सकाळीच बजावलं होतं, "सगळी माहिती स्क्रीनवर येणार हाय. स्क्रीनवर येईल ते वाचायचं. मनाचं काय घालायचं न्हाय." कृष्णातने ते मनापासून पाळायचं ठरवलं होतं.

पहिली कुस्ती वडगावच्या राजवीरची, हुपरीच्या एका पोराशी. राजवीरने घिस्सा डावावर पोराला चितपट केलं. पंचांनी हात वर केला, प्रियदर्शनीने निकालाचं बटण दाबलं, आणि स्क्रीनवर हुपरीचा पैलवान सावकाश कलंडून पाठीवर पडला. मैदानात एकच जल्लोष झाला. आणि त्याच्या वरच्या बाजूला, 'मैदानाचे अध्यक्ष' या सोनेरी अक्षरांखाली, फेटा आणि मिशीवरच्या हातासकट हंबीरराव कलायला लागले. अगदी सावकाश कलत कलत तेही उताणे झाले.

मग कुणीतरी खुदकन हसलं आणि हशाची लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. स्क्रीनकडे पाठ करून बसलेल्या हंबीररावांना वाटलं, लोक आपलं स्वागत करतायत. ते उठले आणि त्यांनी चारी दिशांना नमस्कार केला. हशा दुप्पट झाला. त्यांनी आणखी एकदा नमस्कार केला.

प्रियदर्शनीने लॅपटॉप जवळ ओढला. आखाड्याच्या कडेने आण्णा धोतर सावरत पळत आले.

"प्रिया, हंबीऱ्या आडवा झालाय!"

"दिसालंय की आण्णा."

"मग उभा कर त्याला! लवकर कर!"

"करालोय. जरा थांबा, कशानं झालं ते बघू द्या."

"त्यानं मागं वळून बघितलं तर संपलं सगळं. खुर्चीवरनं मेव्हण्यासंगं बोलंना त्यो. आणि हितं तर भरल्या मैदानात त्याला उताणा पाडलाय, ते बी माझ्या पोरीनं." आण्णांचा आवाज एकदम खाली आला. "त्यानं बोलणं टाकलं तर सकाळी उठून मी कुणाकडं जाऊ गं? भांडू कुणासंगं?"

आण्णांना असं काकुळतीला आलेलं प्रियदर्शनीने कधी पाहिलं नव्हतं. पुण्याच्या कंपनीचं, कमिटीचं, पुढच्या कामांचं, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. कट्ट्यावर एकटे चहा पीत बसलेले आण्णा तेवढे डोळ्यांपुढे आले आणि तिला रडू यायला लागलं.

"स्क्रीनच बंद करूया," ती म्हणाली.

"त्यो स्क्रीनवाला जयसिंगपूरचा पावणा बटणाच्या पेटीला कुलूप लावून मिसळ खायला गेलाय. कवा येतोय कुणाला ठावं." आण्णांनी धोतराचा सोगा खोचला. "मी त्याला मागं बघू देत न्हाय. तू बघ तुझं."

आण्णा स्टेजवर गेले आणि त्यांनी हंबीररावांचे सत्कार सुरू केले. आधी वस्तादांच्या हस्ते शाल, मग पंचांच्या हस्ते शाल. मग हाताशी कुणी उरलं नाही तेव्हा मंडपवाल्याच्या हस्ते शाल. प्रत्येक वेळी नारळ देताना आण्णा हंबीररावांचा खांदा दाबून त्यांचं तोंड समोर राहील असं बघत होते.

"आण्णा, एप्रिल महिना हाय. किती शाली घालशील?"

"घे की. वारं सुटलंय."

"कुठलं वारं? पानबी हलंना."

"तुला कळत न्हाय. सुटलंय."

इकडे प्रियदर्शनीने घाईघाईने विचार केला. जो विजयी नाही तो आडवा पडतो. मग हंबीररावांना विजयी म्हणून टाकलं की ते उठतील. हिशोब बरोबर होता. तिने त्यांच्या फोटोला विजयी अशी खूण लावली आणि बदल वर चढवायला दिला. मैदानातली सगळी माणसं मोबाइलवर चित्रण करत असल्यामुळे नेटवर्क मुंगीच्या पावलाने चाललं होतं. अखेर तो बदल पोचला आणि स्क्रीनवर हंबीरराव टुणकन उभे राहिले.

पण विजयी पैलवानाच्याही पानात काही पदार्थ होते. हंबीररावांच्या खांद्यावर चांदीची गदा आली, आणि पायाशी भगव्या पट्टीत मोठ्या अक्षरांत 'विजयी' असं झळकलं. कृष्णातने स्क्रीनकडे पाहिलं. त्याला मनाचं काही घालायचं नव्हतं.

"आणिऽऽ विजयीऽऽ," कृष्णात गरजला, "हंबीऽऽररावऽऽ!"

"कुणाला पाडलं?" गर्दीतून एकाने विचारलं.

कृष्णातने पुन्हा स्क्रीन निरखली. तिथे पाठीवर पडलेला माणूस एकच होता. "हुपरीच्या पैलवानाला चितपट करून!" त्याने खुलासा केला.

हुपरीची माणसं ताडकन उठली. "ओ पावणं, आमच्या एका पोरावर दोघं दोघं सोडलं व्हय रं?" वडगावची माणसं त्यांच्याही आधी स्टेजकडे निघाली. "दोघं कुठलं? पाडलं आमच्या राजवीरनं! ह्यात हंबीरराव आलं कुठनं?" पंच मध्ये पडले. हलगीवाल्यांना काहीच कळलं नाही, पण विजयी हा शब्द ऐकल्यावर वाजवायचं एवढं ठाऊक असल्यामुळे त्यांनी जोर धरला.

"काय म्हणला रं कृष्णात?" हंबीररावांनी विचारलं.

"काय न्हाय. तुझ्या येळची जुनी कुस्ती सांगालाय," आण्णा म्हणाले आणि त्यांनी आणखी एक शाल उलगडली.

भांडण पेटायच्या आत विजयीची खूण काढणं भाग होतं. प्रियदर्शनीने ती काढली. गदा गेली, पट्टी गेली, आणि हंबीरराव पुन्हा सावकाश आडवे झाले. हुपरी आणि वडगाव दोन्हीकडची माणसं भांडण विसरून खाली बसली आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसायला लागली. त्याबद्दल खरं तर तिने देवाचे आभार मानायला हवे होते, पण तिला तेवढी उसंत नव्हती.

हंबीररावांच्या कपाळावर आता आठी पडली. "आण्णा, ही माणसं माझ्याकडं बघून हसाल्यात का माझ्या मागं बघून?" तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला. पलीकडचं बोलणं थोडंच होतं. "व्हय?... कुठं?... बरं," एवढंच बोलून त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. त्यांची मान लाल झाली, सोफ्याच्या हातावर त्यांनी पंजा रोवला आणि ते उठायला लागले.

अंगावर घालायला शाल उरली नव्हती. आण्णांनी स्टेजवरून खाली उडी मारली, कृष्णातच्या हातातला माईक हिसकावला आणि हंबीररावांच्या समोर, मैदानाकडे पाठ करून उभे राहिले.

"मला बोलायचं हाय!" आण्णा ओरडले.

मैदान चकित झालं. सगळ्यात चकित खुद्द आण्णा झाले होते, कारण त्यांनी जन्मात माईक हातात धरला नव्हता. अर्धे उठलेले हंबीरराव पाहत राहिले आणि मग हळूच खाली बसले.

"तर," आण्णा म्हणाले. "तर. ह्यो हंबीरराव." त्यांनी एकदा स्क्रीनकडे पाहिलं. हंबीरराव अजून आडवेच होते. "ह्यो हंबीरराव लई मोठा पैलवान हुता. म्हणजे हाय. ह्याच्याएवढा उभा माणूस... ताठ उभा राहणारा माणूस मी दुसरा बघितला न्हाय."

स्क्रीनकडे पाहणाऱ्या लोकांनी शिट्ट्या मारल्या.

प्रियदर्शनीला आता सगळा घोळ उमगला होता. कालची ती एक ओळ. तिने '@एक्स्टेंड'ची आज्ञाच पुसली आणि बदल चढवायला दिला. त्यासरशी हंबीरराव पैलवानांच्या पंगतीतून उठले खरे, पण त्यांच्यासाठी दुसरं पानच मांडलेलं नव्हतं. फोटो केवढा दिसावा हे सांगणारा नियमही त्या पंगतीबरोबरच गेला होता. फोटो त्यांच्या नव्या महागड्या मोबाइलवर काढलेला, त्यामुळे तो आपल्या मूळ आकारात उलगडला आणि त्याचा मधलाच भाग स्क्रीनवर मावला. स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फक्त मिशी दिसायला लागली.

"आणि मिशी!" आण्णा डोळे विस्फारून म्हणाले. "एवढी... एवढी मोठी मिशी साऱ्या जिल्ह्यात कुणाची न्हाय!"

लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. सोफ्यावर बसलेल्या हंबीररावांचा हात आपसूक मिशीकडे गेला.

प्रियदर्शनीने डोळे पुसले आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. जे काल करायला हवं होतं ते तिने आता केलं. सोनेरी कड, तांबडी माती आणि फोटोचं माप एवढ्यांचं वेगळं '@मिक्सिन' बांधलं आणि अध्यक्षांच्या पानात '@इनक्लूड' करून तेवढंच वाढलं. चमचाभर वाटण, पंगत नाही. चढवायला दिलं. नेटवर्कचं चाक फिरत राहिलं.

स्टेजसमोर आण्णांचे शब्द संपत आले होते. उभा माणूस झाला, मिशी झाली. ते थांबले. स्क्रीनवर मिशी तशीच होती.

"महापूर आलता तवाची गोष्ट सांगतो," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. "आमच्या दारात पाणी गळ्याला लागलंतं. नाव यायची हुती, पर येत नव्हती. आमची म्हातारी आत कॉटवर बसून हुती. तवा ह्यो गडी त्या पाण्यातनं चालत आला. ह्या वयात. म्हातारीला उचलून खांद्यावर घेतली. ती तिचा पितळंचा डबा सोडंना, तर डबा दुसऱ्या हातात घेतला. तिला पार वरच्या रस्त्याला नेऊन ठेवली आणि ओल्या अंगानं थरथरत माझ्यापुढं उभा राहिला. आणि मी काय म्हणलो असंन?"

हलगीवालाही हात थांबवून ऐकत होता.

"मी म्हणलो, डब्याचं टोपण कुठाय?"

मैदान हसलं, पण आता ते हसणं वेगळं होतं.

"दुसरं काय सुचलंच न्हाय मला. म्हातारी त्यानंतर तीन वर्सं जगली. ह्याच्यामुळं जगली. आणि मी रोज सकाळी ह्याच्यासंगं भांडतोय, तुझा चहा गोड हाय, तुझं घड्याळ पुढं हाय. उपकार झालं हंबीऱ्या, एवढं म्हणायला तोंड उचललं न्हाय माझं. आज म्हणतो. उपकार झालं."

स्क्रीनवर हंबीरराव आपल्या मापात, सोनेरी कडेत, तांबड्या मातीवर ताठ उभे राहिले होते. प्रियदर्शनी दोन्ही हात वर करून आण्णांना खुणा करत होती. पण आण्णा आता स्क्रीनकडे बघतच नव्हते. ते आणखी बराच वेळ बोलले. हंबीररावांनी त्यांच्या लग्नात वऱ्हाडाचा ट्रक ढकलला होता, आणि प्रियदर्शनीच्या बारशाला आणलेला पाळणा दरवाज्यातून आत जाईना म्हणून भिंतीची वीट काढली होती, तेही त्यांनी सांगितलं. शेवटी कृष्णातने हळूच माईक मागून घेतला, तेव्हा मैदानात अशी टाळी पडली की दुसऱ्या जोडीचे पैलवान कुस्ती लागली समजून आखाड्यात उतरले.

पुढच्या सगळ्या कुस्त्या सुरळीत झाल्या. हरलेले तेवढे आडवे पडले, जिंकलेल्यांच्या खांद्यावर गदा आली, आणि अध्यक्ष शेवटपर्यंत उभे राहिले. जयसिंगपूरचा पावणा मिसळ खाऊन आला आणि काही झालं का, असं विचारू लागला. सगळे एकसुरात नाही म्हणाले. प्रियदर्शनीच्या छातीवरचं मणाचं ओझं उतरलं आणि तिला सकाळपासून पहिल्यांदाच भूक लागली.

मैदान पांगल्यावर आण्णा तालमीला कुलूप लावायला गेले. हंबीरराव शालींच्या ढिगाशेजारी अजून सोफ्यावरच बसले होते. त्यांनी तिला बोटाने जवळ बोलावलं.

"बस, पोरी. एक सांग. मी किती येळ आडवा हुतो?"

प्रियदर्शनी बसता बसता थांबली. "काका... तुमाला कसं कळलं?"

"तुझ्या काकीचा फोन आलता. ती घरात बसून मोबाइलवर लाइव्ह बघालती. म्हणली, 'अवो, भरल्या मैदानात उताणं काय पडलायसा? उठा की!'" त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "असला राग आलता मला. उठून तुझं ते यंत्र मातीत पुरणार हुतो. आण्णाला बी संगं पुरणार हुतो. तेवढ्यात त्यानं माईक धरला."

"मग तुमी मागं वळून बघितलं न्हाय?"

"कसं बघू? वळून बघितलं असतं तर त्यो गप्प बसला असता." हंबीररावांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला त्यांनी मंडपवाल्याच्या हस्ते मिळालेली शाल घेतली. "उभा जन्म गेला, पोरी. माझी बायको मला चांगलं म्हणती, पोरं म्हणत्यात, गाव म्हणतंय. ह्या एका माणसानं कवा म्हणलं नव्हतं."

"चुकलं काका," प्रियदर्शनी म्हणाली. "माझीच चूक हुती. परत न्हाय व्हायची."

"न्हाय व्हायची?" हंबीरराव एकदम सावध झाले. त्यांनी आण्णा कुठवर आलेत ते मान वाकडी करून पाहिलं आणि आवाज उतरवला. "तसं नको करू. त्याला ह्यातलं काय सांगायचं न्हाय. आणि पुढल्या वर्षी बी पयल्या कुस्तीला मला असाच आडवा पाड."

"काका! अवो, तुमच्या पाठीला..."

"फोटूला कुठली पाठ असती? पाड म्हणतोय न्हवं? आणि उठवायची लई घाई करू नको. आज तुझ्या बारशापतोरच आलाय त्यो, अजून लई सांगायचं ऱ्हायलंय त्याचं."